त्याच वर्गातली दुसरी गोळी

देवासला मी शिकायला आले ती रागाने आले. ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हतं. धारच्या ज्या खाजगी रुग्णालयात मी नर्सिंगच्या डिप्लोमावर अर्धं आयुष्य काढलं, तिथल्या आमच्या वॉर्डची इन्चार्ज निवृत्त झाली, तेव्हा तिची खुर्ची मला मिळणार हे सफाईवाल्या बाईपासून सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मिळाली ती एका नव्या मुलीला. तिला शीर कशी शोधायची हे मी माझ्या हाताने शिकवलं होतं, पण तिच्याकडे डिग्री होती. मी व्यवस्थापकांच्या खोलीत गेले आणि बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहतील इतक्या आवाजात बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दीदी, काम तो आप ही करती हैं, ये हम भी जानते हैं। पर ऊपर दिखाने को डिग्री चाहिए।" म्हणजे काम माझं आणि खुर्ची तिची. असला सौदा मी आजवर कुणाला करू दिला नव्हता.

मग नोकरी सांभाळत मी डिग्री केली. ती हातात येईपर्यंत ती मुलगी खुर्चीत चांगली मुरली होती आणि "दीदी, जरा पर्दे बदलवा दीजिए" असं गोड आवाजात सांगायला शिकली होती. मी राजीनामा दिला नाही. एवढ्या सहजी कुणाला मोकळं करायचा माझा स्वभाव नाही. भांडून बिनपगारी रजा घेतली आणि देवासला अतिदक्षता विभागातल्या नर्सच्या वरच्या कोर्सला नाव घातलं. कोर्स पुरा झाला तर तिथल्याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात जागा देऊ, असं तिथल्या मेट्रनने मला सांगितलं होतं. नाही झाला, तर धारला परत, पडदे बदलवायला.

बाकीचे विषय मी रेटून नेले. अडले ते अ‍ॅडव्हान्स्ड फार्माकोलॉजीवर. शाळा हिंदी, घर मराठी, बाजार माळवी आणि पुस्तक इंग्रजी, अशी माझी गत. औषधं मला ठाऊक होती, पण ती कंपनीच्या नावाने आणि पाकिटाच्या रंगाने. पुस्तकात रंग नव्हते. तिथे वर्ग होते. रक्तदाब उतरवणाऱ्या औषधांचेच कितीतरी, शिवाय ठोके सावरणारी, लघवी वाढवणारी, झोप आणणारी, दुखणं मारणारी. आणि एकेका वर्गाच्या पोटात आणखी पोटवर्ग.

पहिल्याच आठवड्यात मी विषय शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं, "यातले निम्मे सोडले तर चालेल का? परीक्षेला सगळे थोडेच येतात."

"अवश्य," त्या म्हणाल्या. "वॉर्डातले निम्मे रुग्ण कोणते सोडायचे ते सांगा, मी त्यांचे वर्ग सोडते."

या मॅडम देवासच्या जुन्या मराठी घरातल्या. पणजोबा संस्थानात अंमलदार, आणि घरातलं मराठी अजून त्यांच्या काळातलं, इस्त्री केलेलं. आम्हीही मराठीच, पण आमची माणसं त्याच दरबाराचे अंगरखे शिवायला इकडे आलेली. मॅडम "आपण बसावं" म्हणायच्या तेव्हा मला उगाच वाटायचं की मी इथे मापं घ्यायला आले आहे.

अभ्यासाला लागले तेव्हा मी मला येत होतं तेच केलं. धारला आईचं मॅचिंगचं दुकान होतं, अजून आहे. बाई साडी घेऊन येते, तिला त्या रंगाचं ब्लाउजपीस हवं असतं. रुबिया कापडाचे तागे आमच्याकडे रंगांच्या घराण्यांनी लावलेले असतात. डाळिंबी, मरून, वांगी एका फळीवर, पोपटी ते शेवाळी दुसऱ्या. शाळेतून आले की मी त्या गल्ल्यावर उभी राहायचे आणि मोठमोठ्या बायकांशी भाव करायचे. तशीच मी औषधांची दुकानमांडणी केली. ही ठोके हळू करणाऱ्या बीटा ब्लॉकरची फळी, ही लघवी वाढवणाऱ्यांची. डोळे मिटले की तागे दिसायचे. माझ्या वर्गातली एक मुलगी डही गावची होती, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, इंग्रजी फाडफाड वाचणारी. तिच्याशी मी ठरवून टाकलं होतं. तिने मला पुस्तक वाचून अर्थ सांगायचा, मी तिला शिरा शोधायला आणि चिडलेल्या नातेवाइकांसमोर उभं राहायला शिकवायचं. माझी मांडणी ऐकून ती म्हणाली, "दीदी, आप तो पूरी दुकान लगा के बैठ गईं।" मला ते कौतुकच वाटलं. पाठ मला तिच्यापेक्षा जास्त होतं.

दुकानात नेमका रंग संपलेला असला तर आम्ही गिऱ्हाईक परत पाठवत नाही. शेजारचा तागा काढायचा आणि म्हणायचं, एकाच घरचा आहे, अंगावर चढला की फरक कळत नाही. धारच्या रुग्णालयातही हेच चालायचं. लिहिलेलं औषध नसलं की औषधांच्या स्टोअरमधला भिया फोन करायचा, "सिस्टर, वो तो खतम है, उसका भाई भेज रिया हूँ।" मी म्हणायचे, "भेज दो भिया." डॉक्टर नंतर सही करायचे. वर्षानुवर्षं भाऊ आले आणि गेले, कुणी काही विचारलं नाही, आणि मलाही त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही.

अंतर्गत परीक्षा मॅडमनी रुग्णाच्या खाटेशी घेतली. टोंकखुर्दचे एक वृद्ध गृहस्थ होते, रक्तदाब वाढलेला, ठोके पळत असलेले. सगळा वर्ग मागे उभा. मॅडमनी विचारलं, "यांना मेटोप्रोलॉल लिहिलं आहे. स्टोअरमधून प्रोप्रॅनोलॉल आलं. काय कराल?"

फळी डोळ्यांसमोर लख्ख होती. मी म्हणाले, "दोन्ही बीटा ब्लॉकर. एकाच वर्गातली. हेच देईन आणि डॉक्टरांची सही नंतर घेईन."

"दिलंत?"

"दिलं."

मॅडमनी त्या गृहस्थांना विचारून त्यांच्या उशाखालचा रुमाल काढला. रुमालात दम्याचा पंप गुंडाळलेला होता. "बाबा, ये कब लेते हैं?"

"कभी-कभी बेटा। ठंड में सांस फूले है तब।"

मग मॅडमनी वर्गाला सांगितलं, की लिहिलेलं औषध मुख्यतः हृदयावर काम करतं, आणि दम्याच्या माणसाला तेही जपूनच द्यावं लागतं. पण मी दिलं ते श्वासनळ्याही आवळतं. एकाच वर्गातली दोन औषधं, पण दुसऱ्याने हा माणूस गुदमरला असता. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नापास."

मी भडकले. "फाइलवर दमा लिहिलेला नाही, यांनी सांगितलं नाही, मग मला काय स्वप्न पडणार होतं?"

"विचारलंत का?"

"मी इतकी वर्षं औषधं देते आहे, मॅडम."

"देता, मान्य. पारखत नाही."

सगळ्यांच्या देखत. मागे कुणीतरी हसलं, आणि मी मागे वळून बघितलं तेव्हा कुणीच हसत नव्हतं. खाटेवरचे गृहस्थ मात्र कळवळले. "गुस्सा मत कर बेटा, गलती म्हारी है, म्हने बतायो नी।" त्यामुळे तर मला आणखीच राग आला.

अंतर्गत परीक्षेत नापास म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. बसता आलं नाही तर वर्ष गेलं, आणि माझी रजा पुढच्या वर्षापर्यंत ताणण्यासारखी नव्हती. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग ये दुकानात. फॉल-बिडिंगला माणूस मिळत नाहीये." तिला वाटलं मी हसेन.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले. त्या म्हणाल्या बसा, मी उभीच राहिले. भाव करताना बसायचं नसतं, बसलं की समोरच्याला कळतं की आपल्याला घाई नाही, किंवा फार गरज आहे.

"पासापुरते गुण द्या," मी म्हणाले. "बाकी मी विद्यापीठाच्या परीक्षेत भरून काढते."

"गुण मी विकत नाही."

"मग पुन्हा परीक्षा घ्या."

"ती संधी नियमातच आहे. त्यात तुम्ही माझ्याकडून काय काढून घेणार?"

हे मी ठरवूनच आले होते. "मी हिंदीत उत्तरं देणार. आणि उत्तर द्यायच्या आधी रुग्णाशी बोलणार."

मॅडमनी चष्मा काढला. "रुग्णाशी बोलायची परवानगी मागता आहात? मग काल का नाही मागितलीत?"

"काल परीक्षा होती. परीक्षेत विचारायचं नसतं, सांगायचं असतं, असं मला वाटलं."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाल्या, "ठीक. दोन्ही दिलं. आता माझी अट ऐका. औषध कुणाला द्यायचं हे सगळ्याच पाठ करतात. परीक्षेपर्यंत तुम्ही प्रत्येक वर्ग कुणाला द्यायचा नाही, ते मला सांगायचं. पुस्तकातून नाही. वॉर्डातला माणूस दाखवून."

"एवढ्या वर्गांना एवढी माणसं कुठून आणू?"

"रुग्णालयात माणसांची टंचाई आहे का, बाई?"

मी दार जरा जोरातच लावून बाहेर पडले. हिंदी मिळवली आणि बदल्यात डोंगर उचलून आणला, असं वाटत होतं. जिना उतरताना लक्षात आलं की प्रश्नपत्रिका कशी असणार हे त्यांनी मला सांगून टाकलं आहे. सौदा वाईट नव्हता. पण ते त्यांना सांगायला मी परत वर गेले नाही.

त्यानंतरचे दिवस मी वॉर्डात फिरून काढले. कुणाची दुपारची ड्यूटी घे, बदल्यात माझी सकाळची तिच्यामागे लाव, अशा अदलाबदली करून मला हव्या त्या वॉर्डात हवी ती वेळ मी मिळवत गेले. यात माझा कुणी हात धरू शकत नाही. डहीच्या मुलीला बरोबर घेतलं. ती मोबाइलवर वर्ग वाचायची, मी खाटेशी जाऊन माणूस शोधायचे. रक्तदाबाच्या एका वर्गाने कोरडा खोकला येतो असं पुस्तकात एका ओळीत होतं. ती ओळ आम्हाला बायकांच्या वॉर्डात सापडली; कितीतरी महिने खोकणारी बाई, घरचे ज्येष्ठमध चघळायला देत होते आणि सगळी गल्ली कारखान्यांच्या हवेला दोष देत होती. डहीची मुलगी म्हणाली, "तो दीदी, इसका भाई दे दें?" मी तो वर्ग पुन्हा तिच्याकडून वाचून घेतला. नाही, त्या घराण्यात सगळेच खोकला देणारे, तिथे भाऊ बदलून उपयोग नाही, घराणंच बदलायला हवं. आणि बीटा ब्लॉकरमध्ये तर भावाभावांत जमीनअस्मानाचा फरक. डॉक्टरांच्या फेरीत त्या बाईची गोळी बदलली गेली तेव्हा मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि मी तिला शीर शोधायचा धडा त्या दिवशी फुकट दिला.

माझी मांडणी मोडत होती. दुकानातसुद्धा आम्ही ट्यूबलाइटखाली रंग कधी जुळवत नाही, साडी आणि तागा दोन्ही दारात उन्हात नेऊन बघतो. हे मला आधी सुचायला हवं होतं. आता फळ्यांवर औषधांशेजारी माणसं येऊन बसायला लागली. हा वर्ग म्हणजे खोकणारी बाई, तो वर्ग म्हणजे उठून उभं राहिलं की चक्कर येणारा रिक्षावाला. विसरायचं म्हटलं तरी विसरता येईना. दर दोन-चार दिवसांनी मी मॅडमना एक-दोन माणसं दाखवायचे, त्या मान हलवायच्या, एखादा प्रश्न विचारून माझं निम्मं काम परत पाठवायच्या. आमचं भांडण चालूच होतं, पण आता ते औषधांवरून होतं.

पुन्हा परीक्षा झाली तेव्हा मॅडमनी बागलीची एक मावशी निवडली. हृदय थकलेलं, तपासणीला आलेली, दोन्ही पाय सुजून चपलेबाहेर आलेले. रक्तदाबासाठी एनालाप्रिल आणि सूज उतरवायला फ्युरोसेमाइड, ज्याला सगळे पाण्याची गोळी म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "गोळी चालू असून सूज आहे. स्टोअरमध्ये फ्युरोसेमाइड नाही, स्पायरोनोलॅक्टोन आहे. तेही लघवी वाढवणारंच. काय कराल?"

मी खाटेवर बसले. "मौसी, पानी की गोली कब लेती हो?"

"सवेरे।"

"आज ली?"

मावशीने मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आज तो बस में आनो थो। कैसे लेती? डिरेवर बार-बार गाड़ी रोके है कईं?"

मागे सगळ्या हसल्या. मावशीही हसली, पण मी सोडलं नाही. "और हाट के दिन?"

"हाट के दिन भी नी।"

"बेटी के घर जाती हो तब?"

"वां भी बस से ही जाऊं।"

विचारत गेले तसतसं कळलं की घरी बसून राहण्याचे दिवसच मावशीच्या आयुष्यात थोडे होते. तपासणीच्या दिवशी तर ती कधीच गोळी घेत नसे, म्हणून डॉक्टरांना दर वेळी सुजलेलेच पाय दिसायचे.

मी उठून मॅडमना हिंदीत सांगितलं, तसं ठरलंच होतं. दुसरी गोळी मी देणार नाही. ती त्याच फळीवरची असली तरी तिचा स्वभाव उलटा आहे. पहिली शरीरातलं पोटॅशियम बाहेर टाकते, ही ते धरून ठेवते. आणि मावशीची रक्तदाबाची गोळीही धरून ठेवणाऱ्यांतलीच. दोघींमुळे पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतील. अशी जोडी डॉक्टर काही वेळा मुद्दाम देतात, पण रक्त तपासत राहून. स्टोअरमध्ये काय शिल्लक आहे त्यावरून नाही. मी डॉक्टरांना कळवेन आणि रक्ताचा अहवाल मागेन. आणि पहिल्या गोळीने काम केलं नाही असं म्हणायच्या आधी ती पोटात जायला हवी.

"झालं?" मॅडमनी विचारलं.

"नाही. गोळीची वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारायचं आहे."

"मग विचारा."

ड्यूटीवरचे डॉक्टर शेजारच्या वॉर्डात होते. तिथपर्यंत जाताना मी भांडणाची सगळी तयारी केली. तुम्ही नर्स आहात, सांगितलं तेवढं करा, असं ते म्हणतील, मग मी काय म्हणेन, मग ते काय म्हणतील. त्यांनी ऐकून घेतलं, मावशीची फाइल मागवली, रक्ताची तपासणी लिहिली आणि प्रवासाच्या दिवशी गोळी मुक्कामी पोचल्यावर, पण दुपार टळायच्या आत घ्यावी असं लिहून दिलं. म्हणाले, "और कुछ, सिस्टर?" माझी तयारी तशीच राहिली. धारमध्ये मी असं कधी कुणाला विचारलंच नव्हतं, त्यामुळे तिथे काय उत्तर आलं असतं ते मला सांगता येणार नाही. खुर्चीचा राग मात्र मी जपून ठेवला आहे. तो माझ्या कष्टाचा आहे.

परत येऊन मावशीशी बोलणी सुरू केली. बसचा दिवस तिने मान्य केला. बाजारहाटाचा दिवसही, घरी आल्यावर लगेच घेईन म्हणाली. लग्नाच्या दिवसावर अडून बसली.

"ब्याव में तो नी लूं।"

"शादी में भी बाथरूम होता है, मौसी."

"थने देख्यो है वां को?"

मी म्हणाले, बरं, लग्नाचं नंतर बघू.

मॅडमनी गुण लिहिले. मी वाकून बघितले. पास होते, पण पास होण्यापेक्षा फार वर नव्हते. विद्यापीठाच्या परीक्षेच्या यादीत माझं नाव जाणार होतं, जीव भांड्यात पडला होता, तरी तोंडातून निघायचं ते निघालंच. "सगळं बरोबर सांगितलं, मग इतके कमी?"

"लग्नाचा दिवस तुम्ही तिला सोडून दिलात," मॅडम म्हणाल्या. "लग्नसराई तोंडावर आली आहे. पाच-सहा लग्नांना तरी जाईल ती."

"तो दिवस मिळवून आणला तर गुण वाढतील?"

"नाही. सूज उतरेल."

मावशी पिशवी आवरत होती, तिची बागलीची गाडी सुटायची होती. मी तिच्या शेजारी बसले, तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली आणि विचारलं, आधी हे सांग, लग्न कुणाचं आहे, आणि पंगती किती वाजता उठतात.